आखीन एक हात

आमच्या घरमालकांनी बंद केलेला फिरकीचा तांब्या शेवटी तांबटाकडे नेऊन कापून घ्यावा लागला. मी माहेरी निघाले होते, एलिचपूरला. निघायच्या गडबडीत अंगणात तांब्या भरत होते तर हे गृहस्थ मळ्यातून आले, "द्या अठी, तुमच्यानं नाई व्हत," म्हणाले आणि झाकणाला असा काही पीळ दिला की मूर्तिजापूरच्या पुढे छोट्या रुळांच्या गाडीत पाणी आत डुचमळत राहिलं आणि आम्ही नवराबायको घसा कोरडा करून एकमेकांची तोंडं पाहत बसलो. परत आल्यावर मी तणतणत तो तांब्या त्यांच्यापुढे आदळला. म्हणे, "सांडलं काय एक थेंब तरी?" आता यावर माणसानं काय बोलावं?

अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाताना गाव संपलं की त्यांचा मळा होता. संत्र्याची झाडं, कडेनं झेंडू आणि शेवंती, मधे विहीर, आणि विहिरीपलीकडे त्यांचं घर. त्यातल्या दोन खोल्या आमच्याकडे भाड्यानं होत्या. आमचे हे शाळेत मास्तर, म्हणून मालक मला मास्तरीनबाई म्हणत. माणूस उंच, हडकुळा, बोलायला फटकळ. आम्ही वऱ्हाडातलेच, आम्हाला त्या बोलण्याचं काही वाटत नसे. पण पुण्याकडचा एक पाहुणा आमच्याकडे आला होता तो दोनच दिवसांत विचारायला लागला की, तुमचं आणि घरमालकांचं भांडण आहे का?

त्यांना एकच खूळ होतं, आवळण्याचं. "ढिल्लं सोडलं का गेलं," हे उठता-बसता तोंडात. त्यांनी विणलेल्या बाजेवर बसलं की पाटावर बसल्यासारखं वाटे. संत्र्याच्या टोपल्यांना त्यांनी मारलेली गाठ बाजारात कोणाला सुटत नसे, व्यापारी शिव्या देत कोयत्यानं दोर कापत. गड्यानं गाईचं दावं बांधलं की हे मागून जाणार, गाठ चाचपणार, "आखीन एक हात" म्हणून ओढणार. दुसऱ्याच्या हातावर त्यांचा मुळी विश्वासच नव्हता. आमच्या दाराचा कोयंडा त्यांनी एकदा असा पिळला की तो हातातच आला, आणि वर मलाच म्हणतात, "लोखंड कच्चं होतं, बाई." मी म्हटलं, "लोखंड कच्चं नाही हो मालक, तुमचा हात भारी आहे." हे त्यांना कौतुक वाटलं. हसले.

बायको गेली तेव्हा त्यांची सुभद्रा पाळण्यात होती. दुसरं लग्न केलं नाही. पोरीला न्हाऊ घालण्यापासून सगळं स्वतः केलं, आणि वेणीही स्वतःच घातली. मी लग्न होऊन आले तेव्हा सुभी चौदा-पंधरा वर्षांची होती, तरी रोज सकाळी ओट्यावर बापाकडे पाठ करून बसायची. ते केस असे खेचून वेणी घालत की पोरीचे डोळे कोपऱ्यातून वर ओढले जात. ती ओरडायची, "बाबा, पुरे ना आता!" हे म्हणायचे, "आखीन एक हात, माय," आणि लाल रिबिनीची गाठ मारायचे. ती वेणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हलत नसे. पुढे आमची मंदी झाली आणि चार वर्षांची झाल्यावर तीही आपली रिबीन घेऊन त्यांच्यापुढे जाऊन बसू लागली. मी घातलेली वेणी तिला आवडत नसे. मालकआजोबांची टिकते म्हणायची.

सुभी अकोल्याला दिली, जठारपेठेत. लेक गेल्यावर मालक महिनाभर मळ्यात नुसते फिरत होते. मग एक दिवस फाटकातून मोटार घेऊनच आले. कापसाच्या कंपनीतला कोणी गोरा साहेब विलायतेला परत चालला होता, त्याची जुनी काळी मोटार. आम्ही तोंडात बोट घातलं. माळ्याच्या दारात मोटार! आमच्या ह्यांनी विचारलं, "मालक, अकोल्याला जायला रेल्वे आहे की." तर म्हणाले, "त्या डब्याचे नट कोनं आवळले, कोनाले ठाऊक? मी नाई बसत."

मोटार ते स्वतः चालवायला शिकले. धोतरावर काळा कोट घालून बसत. चपला घालून आत पाय ठेवायची कोणाला परवानगी नव्हती. रस्त्यात झाड दिसलं तरी भोंगा वाजवत. बैलगाड्या त्यांना मागे टाकून जात आणि गाडीवाले वळून विचारत, "मालक, ढकलू काय?" मंदीला मांडीवर घेऊन मीही बसले आहे त्या मोटारीत. खोटं कशाला बोलू, मजा यायची.

आता ही मोटार आणि मारोती यांची गाठ त्यांनी कशी घातली ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. मालक दर शनिवारी मळ्याच्या बांधावरच्या मारोतीला तेल-शेंदूर घालत. मोटार आल्यापासून वाटीत थोडं तेल आणि शेंदूर मागे ठेवायला लागले. "मोटार वाऱ्यावानी पयते. वाऱ्याचा लेक कोन? मारोती. मंग हिचा वाली तोच." चाकाच्या मधोमध पाच बोल्ट असतात, त्यांच्यावर चाक बसवून नट आवळतात. मालक शनिवारी एकेक नट काढायचे, बोल्टाच्या आट्यांना तेल-शेंदूर चोपडायचे आणि नट परत चढवायचे. मी म्हटलं, वरून बोट लावा की, उघडता कशाला? तर, "देवाले का वरून वरून लावतेत?" मग पान्याला लोखंडी नळी लावून, तिच्यावर सगळं अंग टाकून आवळायचे. दात-ओठ खायचे, कपाळाची शीर फुगायची. आणि नट जागच्या जागी बसला की नळीवर परत एकदा लोंबकळायचे. आखीन एक हात.

सुभी पोळ्याला माहेरी आली होती. तिला परत पोचवायच्या आदल्या दिवशी शनिवार होता. मी अंगणात पापड वाळत घालत होते. मालक पुढच्या डाव्या चाकाशी झटत होते. एकदम टण्णकन आवाज झाला आणि ते नळीसकट मागे उताणे पडले. बोल्टाचं टोक, नट आणि पाना, सगळं त्यांच्या छातीवर. सुभी आणि मी हसून हसून बेजार. ते उठले, मोडका तुकडा हातात घेऊन कितीतरी वेळ पाहत राहिले. "कच्चं लोखंड," म्हणाले. पण चेहरा उतरला होता.

मोटारीचं काम करणारा एक मिस्त्री अमरावतीत होता. तोंडाचा तिखट, पानाची पिंक टाकत गावभर स्वतःची तारीफ करत फिरणारा. नवा बोल्ट नागपूरहून मागवावा लागला, तोवर सुभीचं माहेरपण लांबलं आणि आम्ही दोघी खूश. मग एका सकाळी मिस्त्री आला. मोटार उचलून ठोकळ्यांवर घेतली, चाक काढलं, चाकामागचा लोखंडी ड्रम काढला. मोडक्या बोल्टाचं थोटूक त्याच्यात अडकलं होतं. त्यावर छिन्नी ठेवून हातोड्याचे घाव घालून ते मागच्या बाजूनं पाडलं. मग नवा बोल्ट मागूनच आत घातला, पुढून चकत्या आणि नट लावला आणि नट पिळत पिळत तो हळूहळू जागेवर ओढून आणला. हे सगळं ठीक चाललं होतं. नंतर त्यानं बाकीच्या चार बोल्टांवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेला शेंदूर पाहिला आणि तो भडकला.

"मालक, ये किसने पिलाया इसको तेल?"

"मारोतीचं हाय ते. तोंड सांभाळून बोल."

"मारोती को पिलाओ ना, मना कोन कर रहा! लोहे को मत पिलाओ." मग आमच्याकडे पाहून तो मराठीत सांगायला लागला. "सुक्या बोल्टावर नट अडते, हाताले समजते का बसला. तेलावर तो सरकतच जाते. तुमाले वाटते आखीन आवळाव. वरून नट आवळला जाते आन आतून बोल्ट तानला जाते. तानून तानून मरते तो. हा एक मेला, बाकीचे चार बी त्याच वाटेवर हायेत. चारही बदला. आन इथून पुढं एकदम सुके ठेवा."

मालक काही बदलायला तयार नव्हते. "चांगले उभे हायेत ते. कालपरवाच्या पोराच्या सांगन्यावरून मी देवाचं बंद करू?" मिस्त्रीनं चाक बसवलं, नट सुक्या फडक्यानं पुसून आवळले, हात धुतले आणि जाताना म्हणाला, "मैं तो बोल के जा रहा हूँ. चाक निकलेगा तो मेरे नाम पर मत रोना." एवढं तोंडावर बोलायची मालकांशी कोणाची टाप नव्हती.

सुभी मात्र हटून बसली. तिनं बापाचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवला. "शप्पथ घ्या. चाकाले तेल नाई लावीन म्हना." मालक हात सोडवायला लागले, ती सोडेना. "मले त्याच मोटारीत बसवता ना? मंग घ्या शप्पथ." घेतली त्यांनी. लेकीच्या गळ्याची शपथ, ती काय लहान गोष्ट झाली! तिला अकोल्याला पोचवून आले. त्यानंतरच्या शनिवारी मारोतीला तेल घालून आले आणि रिकामी वाटी पालथी घालून मोटारीकडे पाठ करून ओट्यावर बसले. पुढच्या शनिवारीही तसंच. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, लेकीनं तरी बापाला वळण लावलं.

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली आणि अकोल्याहून तार आली. सुभीला मुदतीचा ताप. मालक त्याच पावली मोटार घेऊन निघाले.

तिथं ते कसे राहिले हे जावयांनी पुढे आम्हाला सांगितलं. लेकीला मूल झाल्याखेरीज तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही ही त्यांच्याकडची रीत. तेव्हा जठारपेठेतल्या त्या बोळात मोटार उभी केली आणि तिच्यातच राहिले. खाणावळीत जेवायचे, मोटारीत निजायचे आणि दिवसभर लेकीच्या उशाशी बसायचे. ताप काही उतरेना. डॉक्टर म्हणाले, मुदत भरल्याशिवाय उतरायचा नाही, वाट पाहा. पण वाट पाहणं म्हणजे मालकांच्या दृष्टीनं ढिलं सोडणंच होतं. त्यांच्या डोक्यात एकच बसलं की आपण मारोतीचं तेल तोडलं आणि त्यानं लेकीला धरलं. पण तेल लावावं तर शपथ मोडते, आणि तीही लेकीच्याच गळ्याची. शेवटी ते तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "माय, सुटली म्हन. शप्पथ सुटली म्हन." पोर तापाच्या गुंगीत होती. तिनं डोळे न उघडता म्हटलं, "सुटली, बाबा."

त्या शनिवारी त्यांनी बोळात बसून चारही चाकांचे नट काढले, तेल-शेंदूर लावला आणि परत आवळले. राहिलेल्या शनिवारांचं सगळं भरून काढल्यासारखे आवळले. आणि काय सांगावं, दोन-तीन दिवसांत ताप उतरायला लागला! मुदत भरली होती, दुसरं काय. पण आता त्यांना कोण सांगणार? आम्हाला निरोप आला की मारोतीनं पोरगी परत दिली, जरा उठून बसायला लागली की घेऊन येतो. मी सुभीसाठी खोलीत बाज घातली, मऊ भाताचे तांदूळ निवडून ठेवले. मंदी रोज फाटकाशी जाऊन उभी राहायची.

जावई म्हणाले होते, रेल्वेनं पाठवतो. मालकांनी ऐकलं नाही.

मागच्या सीटवर गाद्या-उश्या घालून तिला निजवलं होतं. मूर्तिजापूरला मालकांनी मोटार थांबवली, तिला संत्र्याचा रस पाजला आणि उतरून पुढच्या चाकांचे नट परत एकदा तपासले. नळी लावून. आतून सुभी म्हणाली, "बाबा, पुरे ना आता. उन्हं वर आली." हे म्हणाले, "आखीन एक हात, माय." हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, एकदाच. मूर्तिजापूर सोडल्यावर एका नाल्याचा पूल लागतो, त्याच्या अलीकडे पुढचं डावं चाक निघालं. मागून येणाऱ्या गाडीवाल्यांनी पाहिलं, चाक एकटंच रस्त्यानं पुढे पळत गेलं आणि मोटार नाल्यात कलंडली. मालकांचं खांद्याचं हाड मोडलं. सुभी जागीच गेली.

मला ह्या माणसाचा राग येतो. इतकी वर्षं झाली तरी येतो. आणि राग आला की लगेच त्या बोळात, काळ्या कोटात, शेंदराची वाटी घेऊन चाकाशी बसलेले ते डोळ्यांपुढे दिसतात आणि मग मला रागावताही येत नाही.

सुभीचे दिवस-कार्य झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी बैल लावून मोडकी मोटार मळ्यात ओढून आणली. अंगणात भेटायला आलेली माणसं बसली होती. कोणी म्हणत होतं, देवाला आवडली. कोणी म्हणत होतं, नशीब. आणि मागे बायका कुजबुजत होत्या की बापानं गळ्याची शपथ मोडली, तेव्हाच ठरलं होतं. मालक खांदा बांधलेला, भिंतीला टेकून बसले होते.

तेवढ्यात मिस्त्री आला. हा आता काय बोलणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं सांगून ठेवलेलं गावभर झालं होतं. तो सरळ मोटारीकडे गेला आणि जिथून चाक निघालं होतं तिथं उकिडवा बसला. मी ओट्यावरून पाहत होते. पाच बोल्टांची थोटकं होती, आणि त्यांच्या आट्यांमध्ये शेंदूर लख्ख दिसत होता. मिस्त्रीनं खांद्यावरचं फडकं काढलं आणि एकेक थोटूक पुसून काढलं. सावकाश, आट्यांत नख घालून. पाठ आमच्याकडे करून.

"सांग," मालक म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला. "सगळ्यायसमोर सांग. कायनं तुटले?"

मिस्त्री उठला. त्यानं कोणाकडे पाहिलं नाही. "पुराना लोहा था, मालक. कच्चा था. इसमें किसी का कुछ नहीं."

"तू तं सांगून गेला होता."

"मैं तो बकता रहता हूँ. मेरी क्या सुनते!"

मालक भिंतीचा आधार घेत उभे राहिले. "तू बी? तू बी खोटं बोलून राहिला? अरे, हे लोक देवाचं नाव घेऊन राहिले. शपथेचं नाव घेऊन राहिले. देवानं काय केलं? तिनं तं मले सोडलं होतं शपथेतून. म्या मारली तिले. या हातानं. तू एक तं खरं बोल ना रे!"

फडकं तोंडाला लावून मिस्त्री तसाच फाटकातून निघून गेला, ते शेंदरी फडकं. मी आत जाऊन चुलीपुढे बसले आणि मोठ्यानं रडले. आमचे हे बाहेरून "अगं, अगं" करत राहिले.

त्यानंतर मालकांच्या हातातली पकड गेली. हाड जुळलं, हात चांगला झाला, पण त्यांनी कशालाच पीळ दिला नाही. टोपल्या गडी बांधायचे, हे तिकडे फिरकत नसत. विहिरीचा दोर सैल झाला, बाज झोळीसारखी खाली लोंबली, तिच्यात ते तसेच निजत. गाय दावं सोडून शेवंतीत शिरायची. मीच धावत जाऊन बांधून यायची आणि ते बसल्या जागेवरून बघायचे. शनिवारी मारोतीला जायला मात्र चुकले नाहीत. तेलाची वाटी घेऊन जात, समोर उभे राहत आणि वाटी तशीच भरलेली परत आणत.

मंदीला मी त्यांच्याकडे पाठवत नव्हते. मी घालीन ती वेणी घालून ती हिंडायची. उन्हाळ्यात एका सकाळी मी स्वयंपाकात होते, ती आपली आपणच रिबीन घेऊन ओट्यावर गेली आणि पूर्वीसारखी त्यांच्याकडे पाठ करून बसली. मी खिडकीतून पाहिलं आणि हाक मारायला तोंड उघडलं, पण मारली नाही.

मालक बराच वेळ नुसते तिच्या केसांकडे पाहत होते. मग त्यांनी केस हातात घेतले. "दुखलं तं सांगजो, माय," म्हणाले. असं पूर्वी कधी म्हणाले नव्हते.

"नाही दुखत," मंदी म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आजोबा, घट्ट घाला ना. अजून एक हात."

"पुरे," ते म्हणाले.

रिबीन बांधून त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती उड्या मारत माझ्याकडे आली. उंबऱ्यापर्यंत येईतो वेणी पार उलगडली होती आणि रिबीन मागे अंगणात पडली होती. "आई, मालकआजोबांना आता वेणीच येत नाही," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

मी अंगणात जाऊन रिबीन उचलून आणली. मालक ओट्यावर तसेच बसले होते, हात मांडीवर उघडे ठेवून. मी वेणी परत घातली नाही. शेजारणी दिवसभर विचारत होत्या, पोरीचे केस काहून असे मोकळे सोडले. तशीच हिंडू दिली तिला, संध्याकाळपर्यंत.